ढोलांची साथ

राजाची बंदी मोडून डोंगरात शुभवर्तमान सांगणाऱ्या एतिएनला तुलूझच्या चौकात फाशीच्या शिडीवर चढवलं. “बोंबल की आता! आज तुझ्या प्रवचनाला ढोलांची साथ आहे,” कप्तान खिदळला आणि बारा ढोल दणाणले. एतिएनचे ओठ हलत होते, पण कुणालाच ऐकू येईना. गर्दीतली त्याची आई इझाबो मात्र ठार बहिरी. लेकाचे ओठ वाचतच तिनं त्याला वाढवलं होतं. तो बोलेल ते ती मोठ्यानं सांगू लागली. तेही ढोलांत बुडालं. शिडी ओढली, लेक लटकला, ढोल थांबले. इझाबोचा आवाज एकटाच चौकभर घुमला. शेजारणीनं ढोलांवरची थांबलेली टिपरं दाखवली. “गप बाई, सगळ्यांना ऐकू येतंय!” तिचे ओठ वाचून इझाबोनं लटकलेल्या लेकाकडे पाहिलं. मग आणखी जोरात ओरडली, “देवानं स्वतःचा एकुलता लेक दिला रे तुमच्यासाठी!” कप्तान तिच्याकडे बोट दाखवत म्हणाला, “शिडी लावा परत.”