फसलेले फोटो

"आधी चारी कडा तपासायच्या, नको ते फोटोत येऊ द्यायचं नाही," हे फोटोग्राफरचं ठाम मत. बायको शेजारी पांढरा रिफ्लेक्टर धरून उभी राहायची, म्हणजे गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर उजेड पडे. तिचं बोट जरी फोटोत आलं, तरी तो खेकसायचा, "अगं, मागे सर!" ती निमूट सरायची.

ती अचानक गेली. मुलीनं भिंतीवर लावायला आईचा फोटो मागितला. त्यानं तीस वर्षांचे अल्बम पालथे घातले आणि शेवटी माळ्यावरचा रद्द फोटोंचा खोका तिच्यापुढे ठेवला.

"यात बघ. माझे जेवढे फसले, तेवढ्यात ती आहे. कुठे हात, कुठे कोपर..."

खोक्यातला शेवटचा फोटो पाहून मुलीनं विचारलं, "आणि चेहरा, बाबा?"

"तेवढा मी कधी चुकलोच नाही गं."