काशीची सुट्टी

कुंभारवाड्यातल्या घरात सकाळपासून गोकर्णला जायचा बेत रंगला होता. बेळगावचे दीर-जावा, रामनगरची नणंद, सगळे पोराबाळांसह सुट्टीला आले होते, आणि थोरली सून काशी चुलीपुढं भाकरी थापून थापून दमली होती. दर मे महिन्यात हेच व्हायचं. गाडीत एक जागा कमी पडली, म्हशींना बघायलाही कुणीतरी हवं होतं, तशा सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. सासूला मात्र राहवलं नाही. “औंदा मी ऱ्हाते. काशीनं अजून समुद्र बघितलेला न्हाई.” काशीनं थापता हात थांबवला. “नको आत्या, तुमीबी जावा,” ती हळूच म्हणाली. “मला एकदा रिकामं घर बघायचं हाय.” “अन् म्हशी?” नवऱ्यानं विचारलं. “त्या सारख्या चहा मागत न्हाईत.” सासू तिच्याकडे बघत राहिली. मग धाकट्या सुनेला म्हणाली, “माझीबी पिशवी भर.”