बाईंची शिकवण

"द्यायचं नाही, पाळकसाहेब. हे काय आहे, तेच बाईंना कळत नाही," रणपिसेकाका दारातूनच म्हणाले.

पाळक तेजस साळवे यांचा हात पेटीच्या झाकणावर तसाच राहिला. चर्चला जाणं आता झेपत नाही म्हणून वेणूबाईंना ते महिन्याच्या पहिल्या रविवारी विश्रांतवाडीत घरी येऊन प्रभुभोजन देत. पेटीतल्या पावाचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट. प्रभूचं शरीर आणि रक्त म्हणून घ्यायचे. पाळक नवे होते, तिशीतले. रणपिसेकाका चर्चच्या मंडळीचे जुने पंच. नव्या पाळकाने जुन्या पंचाशी वाद घालायचा नसतो, एवढं शहाणपण त्यांना पहिल्याच आठवड्यात आलं होतं.

वेणूबाई खिडकीशी खुर्चीत बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मागच्या महिन्यात त्यांनी तो छोटा प्याला हातात घेऊन विचारलं होतं, "कसलं औषध आहे हो?" ते काकांच्या जिव्हारी लागलं होतं.

"प्रभूचं शरीर न ओळखता खाल्लं तर दंड माथी येतो," काका म्हणाले. "हे माझ्या पदरचं नाही, बायबलातल्या पौलाच्या पत्रातलं आहे. बाईंनीच शिकवलंय मला."

ते खोटं नव्हतं. मंडळीतल्या मुलांना पहिल्यांदा प्रभुभोजन घेण्याआधी जो वर्ग करावा लागतो, तो वेणूबाईंनी अर्धं आयुष्य घेतला होता. त्यांच्या मुलीला, हिराला, त्या शनिवारच्या दुपारी अजून जशाच्या तशा दिसत. चटईवर मांडी घालून बसलेली पोरं. मंडईतून भाजीच्या पिशव्या घेऊन घामाघूम आलेली आई. पाणीसुद्धा न पिता ती प्रश्नांना सुरुवात करायची. "पाठ झालंय ते कळलं रे. समजलं का, ते सांग." सांगता आलं नाही की तो पोरगा पुढच्या वर्षावर. हेच काका, तेव्हाचा शमुवेल रणपिसे, तर दोनदा पुढच्या वर्षावर गेला होता आणि आता साठी उलटली तरी काका ते लोकांना अभिमानाने सांगायचे.

 त्यातली एक दुपार जरी परत मिळाली असती, तरी हिराने हातातलं सगळं टाकून चटई अंथरली असती. त्या आईला सगळं ठाऊक होतं. ही आई पोटच्या पोरीला विचारायची, "आपण कोणाकडे आलात?"

एकदा तर तिने भिंतीवरच्या येशूच्या चित्राकडे बोट दाखवलं. "हा दाढीवाला कोण गं?"

हिरा गारठली होती. आई त्याला विसरली. मग आता तोही तिला विसरणार का? चर्चमध्ये विचारलं तर जो तो म्हणाला, प्रार्थना करा. म्हणून मग ती स्वारगेटजवळच्या एका चर्चमध्ये थिऑलॉजीच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या वर्गाला जाऊ लागली. तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी तिला सांगितलं, "तारण आपल्या आठवणीवर टांगलेलं असतं, तर आपण कोणीच तरलो नसतो." त्या संध्याकाळी ती बसमध्ये तोंडाला रुमाल लावून रडली होती. मंडळीत मात्र चेष्टाच झाली. "भाजी निवडायला थिऑलॉजी लागत नाही, हिराबाई," असं दस्तुरखुद्द काकाच म्हणाले होते.

आता मात्र ती उठून पुढे आली.

"काका, पौल त्या पत्रात रागावलाय तो कोणावर? ज्यांना समजत नव्हतं त्यांच्यावर नाही. पैसेवाले आधी येऊन पोटभर खायचे. राबणारे लोक कामावरून उशिरा यायचे, त्यांना काही उरायचं नाही. म्हणून तो म्हणाला, तुम्ही प्रभूचं शरीर, म्हणजे ही सगळी मंडळी, ओळखतच नाही. खायला जमलात की एकमेकांसाठी थांबा."

 काका म्हणाले, "म्हणजे बाई आम्हाला चुकीचं शिकवत होत्या?"

हिराने आईकडे पाहिलं. देवाचं नाव जिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, तिच्यासमोरच हे बोलायचं होतं. आणि नाही बोललं, तर आईच्या वाट्याची भाकर पेटीत तशीच परत जाणार होती. या महिन्यात, पुढच्या महिन्यात, कायमची.

"हो काका. एवढ्यापुरती आई चुकली," ती म्हणाली. आईला यातलं काही कळत नाही याचं तिला बरं वाटलं, आणि त्याचंच रडू आलं.

"मग द्या तुम्ही. मी यात नाही," काका म्हणाले. पण गेले नाहीत. हाताची घडी घालून दारातच उभे राहिले.

पाळकांनी पेटी उघडली. प्रार्थना केली. पाव मोडून हिराला दिला, वेणूबाईंच्या तळहातावर ठेवला. काकांपुढे धरला, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

वेणूबाईंनी तुकडा तोंडापाशी नेला आणि त्या थांबल्या. हिराला वाटलं, आता पुन्हा औषधाचं विचारणार, आणि काकांचं खरं होणार.

पण वेणूबाई हातातल्या तुकड्याकडे पाहतच नव्हत्या. त्या दारातल्या काकांकडे पाहत होत्या. मग त्यांनी तुकड्याचे दोन भाग केले आणि एक त्यांच्या लेखी अनोळखी असलेल्या त्या माणसाच्या दिशेने पुढे केला.

"अहो, त्यांना अजून मिळालं नाही," त्या पाळकांना म्हणाल्या. "ते बसल्याशिवाय मी कशी खाऊ?"