मधली भिंत

शांती नगरातल्या आमच्या चौथ्या मजल्यावर दोनच फ्लॅट, भिंतीला भिंत लागून. दोन्ही विकायला काढलेले. लिफ्ट नाही, वर गळकी गच्ची. वर्षभरात माझ्याकडे एक गिऱ्हाईक फिरकलं नाही. शेजारच्या क्षितिजाकडे मात्र एकच पार्टी तिसऱ्यांदा आली. आमच्या मधल्या भिंतीवर ते ठकठक करून बघत होते, तेही मला ऐकू आलं. एवढं काय सोनं लागलंय तिच्या घराला? टाइल्स तर माझ्या नवीन आहेत!

तो माणूस जिना उतरायला निघाला, तेव्हा मी दारातच उभी होते. माझ्या दाराकडे बघून तो हसला. मला तेही झोंबलं.

"भाईसाब, बारिश में आके देखो," मी हळूच म्हटलं. "इन्होंने अभी कलर मारा है. अंदर पूरी दीवार गीली है."

दोन दिवसांनी क्षितिजा आली, डोळे सुजलेले. "शुभदाताई, पार्टी नाही म्हणाली."

"अगं बाई! का गं?" मला आतून इतकं बरं वाटलं, की मी तिच्यासाठी चहा टाकला.

"काय माहीत. पक्कं झाल्याशिवाय तुम्हाला उगाच आशा लावायची नव्हती, म्हणून बोलले नाही." तिने डोळे पुसले. "त्यांना मधली भिंत पाडून मोठं घर करायचं होतं, ताई. एकटं माझं ते घेणारच नव्हते."