उन्हाचं जेवण

सलग तिसऱ्या सकाळी लेकीने जेमतेम दोन घास खाऊन ताटली सरकवली आणि खिडकीतल्या उन्हात जाऊन बसली. दोन्ही हातांवर तिने स्केचपेनने हिरवे ठिपके काढले होते.

"ही हरितलवकं. दादाच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहेत. मी आता ऊन खाणार."

तिच्या बोटांच्या फटींतून ऊन झिरपत होतं. क्षणभर मलाही ती आतून हिरवी दिसली. मग तिच्या बारीक मनगटाकडे लक्ष गेलं.

पर्स खाली ठेवून मी तिच्याजवळ बसले. "अगं शहाणे, हरितलवकं झाडांच्या पेशींत असतात. आपल्या पेशींत नाहीत. आपल्याकडे नुसत्या तंतुकणिका. त्या म्हणजे इवल्या इवल्या शेगड्याच समज. त्यांच्यासाठी अन्न बाहेरूनच आणावं लागतं."

"कोण आणतं?"

"मी आणते की. त्यासाठीच तर सोमवारपासून ऑफिसला जायला लागले ना?"

"ठाऊक आहे," ती डोळे मिटूनच म्हणाली. "थोडे दिवस थांब. मी पूर्ण हिरवी झाले की तुला जावं लागणार नाही."