तळ्याच्या अलीकडे

बुटाची लेस सुटली म्हणून आई पुन्हा थांबली आणि एका दगडावर पाय ठेवून वाकली. मागची माणसंही थांबली. सकाळपासून असं बऱ्याचदा झालं होतं. झाडं केव्हाच खाली राहिली होती. पुढे दगडगोट्यांचा चढ होता आणि तळं अजून दिसत नव्हतं.

"बाई, इतकी वर्षं लोकांना डोंगर दाखवताय आणि लेसला गाठ मारता येत नाही?" औषधांच्या दुकानाचे मालक म्हणाले. अंगाने भारी गृहस्थ. बोलताना त्यांना धाप लागत होती आणि ती लपवायला ते आणखी बोलत होते.

"मग शिकवा की," आई म्हणाली. "बसा त्या दगडावर आणि सांगा, कुठलं टोक कुठून घ्यायचं ते."

ते बसले आणि सविस्तर सांगू लागले. आईने त्यांच्या सांगण्याप्रमाणे गाठ मारली. ती बिघडली. तिने सोडून पुन्हा मारली. तोवर त्यांच्या ओठांवर रंग परत आला होता.

लेक बाजूलाच उभी होती. या वेळी तिला नीट दिसलं होतं. लेस सुटलेलीच नव्हती. वाकल्यावर आईनेच ती ओढली होती.

लेक आईच्या गटाबरोबर पहिल्यांदाच वर येत होती, आणि तीही उगाच नाही. आता हे काम पुरे, असं आईला सांगायला ती आली होती. शहरातल्या घरात तिने आईसाठी खोली तयार ठेवली होती. तळमजला, खिडकीशी खुर्ची, चढायला एक पायरीसुद्धा नाही. घरी हा विषय काढला की आई घासायच्या भांड्यांकडे वळायची. तळ्यावर भांडी नसतील, असा लेकीचा हिशेब होता.

शेवटच्या वळणाआधी आई वाट सोडून उभी राहिली. आता तुम्ही पुढे व्हा, असं तिने दुकानमालकांना सांगितलं. ते संकोचले. तरणी पोरं मागे असताना आपण कशाला, म्हणाले.

"फुकटची शिकवणी मी घेत नाही," आई म्हणाली. "व्हा पुढे."

ते पुढे झाले. वळणावर पोचले आणि तिथेच उभे राहिले. काळ्या कड्यांच्या मधोमध हिरवं पाणी होतं. पलीकडून बर्फाचा एक पट्टा थेट त्यात उतरला होता. मागून त्यांची बायको आली, तिने आधी पाण्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"लग्नानंतर पहिल्यांदाच गप्प झालेत," ती हळूच म्हणाली आणि तिने त्यांचं कोपर धरलं.

एकेक जण वळणावर येऊन थांबत होता. आई मात्र पाण्याकडे पाठ करून उभी होती. ती येणाऱ्यांची तोंडं पाहत होती, एकही न चुकवता. ते तळं तिनेच रात्रभर जागून भरून ठेवलं असावं आणि आता पाहुण्यांना आवडतंय की नाही ते बघत असावी, तशी. घरात चष्मा शोधणारी, गुडघा चोळणारी बाई ही नव्हेच. शेवटी तिची नजर लेकीवर आली. लेकीने घाईने तळ्याकडे पाहिलं.

मंडळी काठावर पांगली तेव्हा आई थर्मास घेऊन लेकीशेजारी बसली.

"बोल. एवढी चढून आलीस ती काहीतरी बोलायलाच ना?"

लेकीने वाक्यं पाठ करून आणली होती. गुडघ्यांबद्दल होती, वयाबद्दल होती, खिडकीतल्या उन्हाबद्दल होती. पण आता जे बोलावंसं वाटत होतं ते पाठ केलेलं नव्हतं.

"चहा छान झालाय," ती म्हणाली.

झाकण घट्ट लाव, मागच्या खेपेला पिशवीत सांडला होता, एवढं सांगून आई माणसं गोळा करायला उठली.

उतरताना लेकीने ठरवलं, उद्या सकाळी सवडीने सांगू. रात्री दोघी जेवल्या. आई लवकर आडवी झाली, कारण सकाळी पुन्हा वर जायचं होतं.

सकाळी लेकीने हाक मारली, मग खांद्याला हात लावून हलवलं. आईच्या गटांची ने-आण करणारा मामा जीप घेऊन आला होता, तो तसाच डॉक्टरांना आणायला धावला. झोपेतच गेल्या, डॉक्टर म्हणाले. त्रास झाला नसावा.

अंगणात आजची मंडळी पाठीला सॅक लावून उभी होती. त्यांना अजून कोणी काही सांगितलं नव्हतं. कोणीतरी विचारत होतं, थंडी फार असते का वर. कोणीतरी हसलं. मामाने तोंडावरून हात फिरवला, बाहेर गेला आणि दार ओढून घेतलं.

लेक पलंगाच्या कडेला बसली. बाहेरचे आवाज एकदम थांबले. तिने आईच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, आणि आई कामाला निघाली असताना दारातून सांगावं तशा, साध्या आवाजात म्हणाली,

"हे काम सोडू नकोस, आई. काल मी पाणी बघत नव्हते. तुला बघत होते."