बेवारसची मावशी

आईला मावशी करायचं ठरलं, तेव्हा मुलाखतवाली बाई आणि तिचा कॅमेरावाला जिना चढत होते.

“मी शेजारी जाऊन बसते की,” आई म्हणाली.

“आता कुठे जातेस? जिन्यातच गाठ पडेल,” बेवारस म्हणाला. “इथेच बस. मावशी म्हणून. थोडा वेळच तर आहे.”

बेवारस हे त्याचं गाण्यातलं नाव. घरात तो सोन्या होता, आणि आईने सोलून दिल्याशिवाय सोन्या अजून संत्रं खात नव्हता.

बायको पोराला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भिंतीवर जिथे आईचा फोटो होता तिथे आता नुसती उजळ चौकट उरली होती. तीही झाकायला सोन्याने तिथे टोपी टांगली होती.

“अरे, सांगून टाक ना सरळ,” बायको म्हणाली. “गाणं आहे ते. शपथेवर थोडंच लिहिलंयस?”

“वहिनी,” गाण्यांचे बीट बनवणारा मित्र बुटांसकट सोफ्यावर पसरला होता, “आई जिवंत ठेवली असती ना, तर ते वाढदिवसाचं गाणं झालं असतं.”

सोन्या हसला. मेल्या म्हशीला मणभर दूध, हे बायको ऐकून होती. दुधासाठी जिवंत म्हशीला मारणारे आज पहिल्यांदा बघत होती.

गाणं रेकॉर्ड झालं तेही आईच्याच कपाटात. आवाज घुमू नये म्हणून रजयांच्या मधे उभा राहून हा आत टाहो फोडत होता. बाहेर पंखा बंद, फ्रिजची पिन काढलेली, आणि आई घामाघूम होऊन नातवाला छातीशी धरून बसलेली, पोराने हूं की चूं करू नये म्हणून. बाहेर आल्या आल्या साहेबांना भूक लागली. गरम गरम वाढलेलं ताट चाटूनपुसून झाल्यावर त्याने तिथेच बसून स्वतःचं गाणं ऐकलं:

ताट रिकामं, पोट रिकामं,
आई गेली, घर रिकामं.

आणि हे लोकांना आवडलं. जिममध्ये वाजलं, शाळेच्या बसमध्ये वाजलं. दंड फुगवलेले बाप्ये गाडीत हे लावून रडले आणि रडतानाचे व्हिडिओ टाकले. आई चष्मा लावून खालच्या प्रतिक्रिया वाचत बसायची. “किती गं चांगली माणसं,” सुनेला म्हणायची, “ओळख ना पाळख, आणि माझ्यासाठी रडतायत.”

बेल वाजली. ऐन वेळी तरी याची जीभ अडखळेल, बायकोच्या मनात आलं. आई समोर बसलीये. तिच्या तोंडावर कसं म्हणेल?

मुलाखतवाली बाई दुःखी चेहरा जिन्यातच तयार करून आली होती. “आणि या?”

“मावशी,” बीटवाल्याने सांगून टाकलं. सोन्या आपल्या बुटांकडे बघत राहिला. म्हणजे त्याने स्वतः अजून म्हटलेलं नव्हतं. बायकोने तेवढंच धरून ठेवलं.

कॅमेरा सुरू झाला. सोन्याने आवाज खोल विहिरीत सोडला. आईला दमा होता म्हणाला. औषधाला पैसे नव्हते म्हणाला. आपण रस्त्यावर वाढलो म्हणाला. पिशव्या घेऊन तीन जिने न थांबता चढणारी आई हे सगळं लक्ष देऊन ऐकत होती, परक्या घरातलं काही ऐकावं तशी. पोराने तिच्याकडे झेप घ्यायला हात पसरले. बायकोने त्याला घट्ट आवळलं.

“मावशी,” बाई आता तिच्याकडे वळली, “शेवटी शेवटी कशा होत्या हो तुमच्या बहीण?”

आईने सोन्याकडे पाहिलं.

“बरी होती,” ती म्हणाली. “आज सकाळपर्यंत अगदी बरी होती.”

फुटलं एकदाचं, बायकोला वाटलं. तिने श्वास सोडलासुद्धा.

बाईने हलकेच मान डोलावली. “खरंय. आपलं माणूस कधीही गेलेलं असो, आजच गेल्यासारखं वाटतं.”

सोफ्याच्या हातावर बीटवाल्याची बोटं वाजायला लागली होती. “‘आज सकाळपर्यंत’,” तो पुटपुटला. “भावा, ऐकतोयस ना?”

भावा ऐकत होता. ठेक्यावर त्याची मान हलत होती.

“खाली हॉर्न वाजला,” कॅमेरावाला म्हणाला. “परत घ्यावं लागेल.”

“मावशी, तेवढंच पुन्हा एकदा,” बाई म्हणाली. “आणि जमलं तर जरा रडत?”

“एकदा बोलले ना,” आई म्हणाली. “झालं की.”

आता सगळे सोन्याकडे बघायला लागले. बायकोनेही त्याची नजर पकडली आणि मान हलवली. नको. त्याला ते दिसलं. मग तो पुढे वाकला, आईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लाडात म्हणाला,

“म्हण ना गं, मावशी.”

जीभ कुठेच अडखळली नाही.

आईने तो गुडघ्यावरचा हात बघितला. मग बोलली. शब्द तेच होते, पण ‘सकाळ’पाशी तिचा आवाज फाटला आणि पुढचे शब्द आलेच नाहीत. पदर नाही की रुमाल नाही, तिने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेतलं.

बाईने कॅमेरावाल्याकडे बघून अंगठा वर केला.

“आता कसं,” ती म्हणाली, “अगदी खरं वाटलं.”